परसातली फुलझाडे : वैशाखात लावावीत की मृगात?

(कोकण किनारपट्टीतील शेतकऱ्यांसाठी रेडिओवरून दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा आपला विषय आहे परसातली फुलझाडे. जास्वंद, मोगरा, तगर, अनंत, अबोली, एक्झोरा अशी जी झुडपे आपण घराच्या पुढल्या-मागल्या दारी लावतो, त्यांच्याविषयी आज बोलायचे आहे. ही माहिती मुख्यतः पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या आणि गोव्यातल्या शेतकऱ्यांसाठी आहे. कारण आपला उन्हाळा देशावरच्या उन्हाळ्यासारखा कोरडा नाही, आणि म्हणून देशावरची रीत आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही.

कुणी म्हणेल, भात, आंबा, काजू, नारळ सोडून साहेब आज फुलांचं काय घेऊन बसले? पण मंडळी, थोडा हिशोब करून बघा. घरात रोजची पूजा आहे. गणपतीत जास्वंद लागते, नवरात्रात माळ लागते. ही फुले विकत घ्यायची म्हटली तर सणाच्या दिवसांत किती पैसे मोडतात, हे घरातल्या वहिनी-काकींना विचारा. दारात चार झाडे असली तर तो खर्च वाचतो. आणि बाजारपेठ जवळ असेल तर अबोलीच्या किंवा मोगऱ्याच्या गजऱ्यांतून मिठा-मिरचीचा खर्च सुटतो. हा पैसा बहुतेक घरांत बाईमाणसाच्या हातात राहतो, हेही काही कमी नाही.

पण अडचण अशी आहे की दरवर्षी मे महिन्यात पुष्कळ रोपे लावली जातात आणि त्यांतली बरीचशी जुलै उजाडेपर्यंत मरतात. मुंबईची मंडळी सुटीत गावी येतात, येताना हौसेने रोपे आणतात, दोन दिवसांत घाईघाईने लावून टाकतात आणि परत जातात. मागे पाणी घालायचे काम घरातल्या बायकांवर येते. विहिरीने तळ गाठलेला असतो. दोन-दोन हंडे डोक्यावरून आणून झाडाला ओतायचे आणि झाड तरीही माना टाकणार! रोपाचे पैसे गेले ते गेलेच, पण त्याहून जास्त वाईट वाटते ते त्या वाहून आणलेल्या पाण्याचे.

तेव्हा आज मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. माना टाकलेले प्रत्येक झाड तहानलेले नसते. आपल्या दमट उन्हाळ्यात रोपे जशी पाण्यावाचून मरतात, तशीच मुळाशी पाणी साचूनही कुजतात. हे दोन प्रकार ओळखता आले की निम्मे काम झाले.

आपला उन्हाळा वेगळा कसा?

विदर्भात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, पण हवा कोरडी असते. आपल्याकडे किनाऱ्यालगत पारा साधारण ३२ ते ३५ अंशांच्या आसपास राहतो, पण हवेत दमटपणा फार. अंगाला घाम येतो आणि तो वाळत नाही. झाडाचेही तसेच आहे. कोरड्या हवेत पानांतून पाणी भराभर उडून जाते, दमट हवेत ते सावकाश उडते. म्हणजे आपल्याकडे झाडाला पाणी तुलनेने कमी लागते. रात्रीही हवा थंड होत नाही, ओल आणि ऊब दोन्ही कायम. ही स्थिती बुरशीला फार मानवते. मुळाशी पाणी साचून राहिले आणि वर अशी ऊबदार हवा असली, की मुळे कुजायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी जांभ्याची तांबडी माती आहे. ती पाणी धरून ठेवत नाही, वरून घातलेले पाणी खाली निघून जाते. पण तीच माती कातळावर असेल तर गोष्ट उलटी होते. कातळ फोडून खणलेला खड्डा म्हणजे एक दगडी हौदच. त्यातले पाणी जाणार कुठे?

एका वाडीत मी जास्वंदीची सहा रोपे पाहिली. सगळ्यांनी माना टाकलेल्या. घरच्या काकी रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालीत होत्या आणि झाडे अधिकच सुकत होती. एका रोपाच्या बाजूची माती उकरली तर आंबट वास आला. मुळे तपकिरी झाली होती, चिमटीत धरताच त्यांची साल सुटून येत होती. खड्डे कातळात होते आणि तळाला पाणी तुंबले होते. मी काकींना म्हटले, "काकी, यांना पाणी कमी पडलेलं नाही, जास्त झालंय." पाणी बंद केले, खड्ड्यांच्या उताराकडच्या बाजूला छिन्नीने चर काढून दिली. सहांपैकी चार रोपांनी पुढे नवी पालवी धरली. दोन गेली, ती आधीच पार कुजलेली होती.

तहान की कूज? कसे ओळखावे?

यासाठी कुठलेही यंत्र नको. दोन साध्या परीक्षा आहेत.

पहिली परीक्षा वेळेची. दुपारी दोन वाजता पाने मलूल दिसली तर लगेच हंडा उचलू नका. भर उन्हात पुष्कळ झाडे पाने लोंबवतात आणि ऊन उतरले की पुन्हा ताठ होतात. झाड बघायचे ते सकाळी, ऊन चढण्याआधी. सकाळी टवटवीत असेल तर त्याचे ठीक चालले आहे. सकाळीही मान खाली असेल तर मात्र काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

दुसरी परीक्षा बोटाची. बुंध्याजवळच्या मातीत बोट दोन पेरे आत घाला. माती कोरडी लागली तर झाड तहानलेले आहे, पाणी द्या. माती ओली लागली आणि तरीही झाड मलूल असेल, तर मुळांना हवा मिळत नाही. अशा वेळी पाणी थांबवा आणि साचलेले पाणी काढून द्यायची वाट करा.

यात एक बारकावा आहे, बरं का. पिशवीतल्या रोपाच्या मुळांभोवती जो मातीचा गोळा असतो, तो बऱ्याचदा हलक्या मातीचा किंवा नारळाच्या भुश्शाचा असतो. भोवतालची माती ओली असूनही हा गोळा आतून कोरडा ठणठणीत होऊ शकतो. म्हणून नव्या रोपाच्या बाबतीत बोट गोळ्यातच घालून बघा, कडेला नको. आणि पहिले पंधरा दिवस पाणीही गोळ्यावरच पडेल असे घाला.

मग लावायचे कधी?

विहिरीला पाणी बेताचे असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे. खड्डा वैशाखात खणा आणि रोप मृगात लावा. मृग नक्षत्र साधारण ८ जूनच्या सुमारास लागते. दोन-चार चांगल्या सरी पडून जमीन आतपर्यंत भिजली, की मग लावणी करा. पहिल्याच वळवाच्या पावसाला भुलू नका. तो वरची चार बोटे माती भिजवतो आणि पुन्हा आठ-दहा दिवस ऊन पडते.

जुलैच्या झोडपणाऱ्या पावसात, म्हणजे पुनर्वसू-पुष्याच्या सुमारास, नवी लावणी करू नका. मृग-आर्द्रात जमली नाही तर थेट ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात करा. तेव्हा जमिनीत ओल असते आणि पावसाचा जोर उतरलेला असतो.

रोपे घरी येऊन पडलेली आहेत, किंवा पाण्याची चांगली सोय आहे, म्हणून मे महिन्यातच लावायची असतील तर लावता येतात. त्यात एक फायदाही आहे. पावसाचा मारा सुरू होण्याआधी मुळे थोडी जमिनीत शिरलेली असतात. पण मग पुढे सांगतो ती प्रत्येक गोष्ट नीट पाळली पाहिजे. तेवढी सवड नसेल तर रोपे पिशवीतच आंब्या-फणसाच्या सावलीत ठेवा. रोज थोडे पाणी द्या आणि मृगाची वाट बघा. पिशवीत महिनाभर थांबल्याने रोपाचे काही बिघडत नाही.

खड्डा आणि भर

खड्डा दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर. वरची अर्धी माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाका. खड्डा पंधरा दिवस उन्हात तापू द्या, म्हणजे हुमणीच्या अळ्या आणि बुरशी यांचा जोर कमी होतो.

आता पाण्याची परीक्षा घ्या. मोकळ्या खड्ड्यात एक बादली पाणी ओता. तासाभरात जिरले तर जमीन चांगली. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल तर ती जागा सोडा. जागा बदलणे शक्यच नसेल तर उताराकडे चर काढा, किंवा खड्डा न करता जांभ्याच्या दगडांचा फूटभर उंच गोल ओटा रचा आणि त्यात माती भरून झाड लावा. कातळावर ही ओट्याची पद्धत सर्वांत खात्रीची.

भरताना वरची चांगली माती खाली घाला. तिच्यात एक ते दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिळाली तर खड्ड्यामागे २५ ग्रॅम शेणखतात मिसळावी. तिने मूळकुजीला आळा बसतो. ताजे किंवा अर्धवट कुजलेले शेण मात्र घालू नका. त्याला वाळवी लागते आणि त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे करपतात. युरिया किंवा दुसरे रासायनिक खतही लावणीच्या वेळी नको. पहिले सहा आठवडे तर नकोच.

खड्डा भरताना माती जमिनीपेक्षा चार बोटे उंच राहील अशी भरा. पुढे ती खाली बसते. सपाट भरलेला खड्डा पावसात खळगा होतो आणि खळग्यात पाणी साचते.

रोप निवडताना आणि लावताना

रोपवाटिकेत गेल्यावर फुलांनी भरलेल्या रोपावर आपला जीव जातो. पण ते रोप घेऊ नका. बुटके, जाड खोडाचे, दोन-तीन फांद्या फुटलेले, फुले कमी पण पाने निरोगी असे रोप घ्या. पानांची खालची बाजू पाहा. कापसासारखे पांढरे काही दिसले तर तो पिठ्या ढेकूण आहे. असे रोप घरी आणले तर ते सबंध परसाला पिठ्या लावील.

घरी आणलेले रोप लगेच उन्हात लावू नये. पाच दिवस दाट सावलीत, पुढचे पाच दिवस सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशा जागी ठेवा. हवा अंगवळणी पडली की मग लावा.

लावणी संध्याकाळी पाचनंतर करावी, म्हणजे झाडाला सबंध रात्र विसाव्याला मिळते. आधी पिशवीसकट रोप बादलीत बुडवून धरा. बुडबुडे यायचे थांबले म्हणजे गोळा आतपर्यंत भिजला. मग ब्लेडने पिशवी चिरून पूर्ण काढून टाका. काही जण फक्त तळ फाडतात आणि पिशवीसकट लावतात, तसे करू नका. मुळे गोलगोल वेटोळी झाली असतील तर गोळ्याच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी उभ्या चिरा द्या. नाहीतर ती जन्मभर गोल फिरत राहतात आणि झाड वाढत नाही.

रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच खोल लावा. बुंध्यावर माती चढवू नका. भोवतालची माती हाताने दाबा, पायाने तुडवू नका. मग सावकाश एक बादली पाणी द्या. रोपावरची फुले आणि कळ्या सगळ्या खुडून टाका. जीवावर येते खरे, पण त्या वेळी झाडाने मुळे करायची की फुले पोसायची, हे आपण ठरवून द्यायचे असते.

सावली, आच्छादन, पाणी

नव्या रोपाच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला माडाचा झाप तिरपा रोवा. दुपारनंतरचे ऊन अडले पाहिजे, पण वारा खेळता राहिला पाहिजे. गोणपाट किंवा प्लॅस्टिक गुंडाळू नका. आत हवा कोंडते आणि पाने काळी पडून गळतात. पंधरा ते वीस दिवसांनी नवी पालवी दिसली की झाप काढा.

बुंध्याभोवती दोन फूट व्यासाचे आळे करा. त्यात पातेरा, भाताचा पेंढा किंवा नारळाची सोडणे यांचे तीन-चार बोटे जाड आच्छादन घाला. सोडणांची पोकळ बाजू खाली ठेवा, म्हणजे तीत पाणी साचून डास होणार नाहीत. आच्छादन बुंध्याला चिकटू देऊ नका, चार बोटे जागा मोकळी ठेवा. या एका उपायाने पाण्याच्या खेपा बऱ्याच कमी होतात.

पाणी किती? पहिले आठ दिवस रोज सकाळी दोन ते तीन लिटर, म्हणजे दोन-तीन तांबे, मुळांच्या गोळ्यावर. पुढे एक दिवसाआड चार-पाच लिटर. हा झाला अंदाज. शेवटचा निर्णय बोटाचा. माती ओली असेल तर त्या दिवशी पाणी नको, हंडा घरात राहू दे.

पाण्याची फार टंचाई असेल तर मडक्याची युक्ती करा. बिनरोगणाचे, पाझरणारे मातीचे मडके बुंध्यापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा. पाण्याने भरा आणि तोंडावर करवंटी किंवा झाकण ठेवा, नाहीतर त्यातही डास होतील. मडके आपोआप थोडे थोडे झिरपते, वाया काही जात नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा भरावे लागते. तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी खुशाल घाला. कपड्यांच्या पावडरचे पाणी मात्र नव्या रोपांना नको. ते केळी-कर्दळीच्या खाचरात सोडा.

किनाऱ्यालगतच्या गावांत मे महिन्यात विहिरीचे पाणी मचूळ होते. पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसू लागल्या तर तो मिठाचा परिणाम समजा. अशा गावांत अनंत आणि एक्झोरा उन्हाळ्यात लावूच नयेत. बोगनवेल आणि कण्हेर खारेपणा पुष्कळ सोसतात.

पाऊस लागला की आळे मोडा

मंडळी, हे कलम विशेष लक्षात ठेवा. मे महिन्यात ज्या आळ्याने झाड वाचवले, तेच आळे जुलैत झाडाला बुडवते. कोकणात वर्षाचा पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एका रात्रीत आळे भरून तळे होते.

म्हणून पाऊस सुरू झाला की त्याच आठवड्यात आळ्याची कड मोडा आणि ती माती आत ओढून बुंध्याभोवती उतरता उंचवटा करा, म्हणजे पाणी बाहेर वाहून जाईल. फक्त बुंध्याची साल मातीत गाडली जाऊ देऊ नका. ओले आच्छादन बुंध्यापासून हातभर मागे सारा. पुरलेले मडके काढून पालथे ठेवा. वाऱ्याने रोप हलत असेल तर काठीचा आधार द्या आणि सुंभाने सैल बांधा. मे महिन्यात राखलेली कितीतरी रोपे केवळ आळे मोडायचे राहिले म्हणून आषाढात मरतात.

एवढे करूनही मूळकूज दिसली तर कॉपर ऑक्सिक्लोराइड ३ ग्रॅम एक लिटर पाण्यात मिसळून बुंध्याभोवती ओता. ट्रायकोडर्मा घातले असेल तिथे मात्र हे औषध त्याच वेळी वापरू नका, नाहीतर आपणच घातलेली उपयोगी बुरशी मरते.

कोणते झाड कुठे?

जास्वंद : पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा द्या. दोन झाडांत पाच-सहा फूट अंतर ठेवा. शेळ्या हिच्यावर तुटून पडतात, म्हणून कुंपणाच्या आत लावा.

मोगरा : भरपूर ऊन हवे. अंतर चार ते पाच फूट. डिसेंबरात दोन-तीन आठवडे पाणी तोडा, मग छाटणी करा आणि खत-पाणी सुरू करा, म्हणजे मार्चपासून बहर येतो. ओलसर सावलीत लावलेला मोगरा नुसता पाल्याने वाढतो.

अबोली : अर्धी सावली चालते, माड-पोफळीच्या बागेतही येते. अंतर दीड फूट. जूनमध्ये रोपे लावली तर साधारण दसऱ्याच्या सुमारास फुले लागतात. मर रोग हा हिचा मुख्य शत्रू, म्हणून उंच वाफ्यावरच लावा आणि त्याच वाफ्यात वर्षानुवर्षे लावू नका. हिच्या वाळलेल्या शेंगा पाणी लागताच तडकतात आणि बी उडते. बी धरायचे असेल तर शेंगा कोरड्या असतानाच काढा.

अनंत आणि एक्झोरा : यांना आपली आंबट गुणाची तांबडी माती मानवते. पण नव्या बांधलेल्या भिंतीला लागून लावू नका. गिलाव्यातले सिमेंट-चुन्याचे अंश मातीत उतरतात. मग पाने पिवळी पडतात आणि फक्त शिरा हिरव्या राहतात. भिंतीपासून तीन फूट अंतर ठेवा.

तगर आणि कोरांटी : फार काळजी मागत नाहीत. नवशिक्याने यांच्यापासून सुरुवात करावी.

कण्हेर : पाण्याचा ताण सोसते, फुले भरपूर देते. पण पांढरी, तांबडी, पिवळी कोणतीही कण्हेर असो, तिचे पान, फूल, बी, चीक सगळे विषारी आहे. गोठ्याजवळ किंवा मुले खेळतात तिथे ती लावू नका. छाटलेल्या फांद्या गुरांपुढे टाकू नका आणि चुलीतही घालू नका. जनावराने किंवा मुलाने चघळल्याचा संशय आला तरी न थांबता डॉक्टर गाठा.

रोपे विकत घ्यायलाच हवीत का?

नाही. दमट हवा मुळांना घातक ठरू शकते हे आपण पाहिले, पण फाटे कलमाला तीच हवा फार उपयोगी आहे. पाने वाळत नाहीत, त्यामुळे फाट्याला मुळे फुटायला अवधी मिळतो. मृग-आर्द्रात शेजारणीकडून जास्वंद, तगर, कोरांटी, मोगरा यांचे पेन्सिलीएवढे जाड, एक वीत लांब फाटे आणा. खाली डोळ्याजवळ तिरपा काप घ्या. वरची दोन पाने अर्धी कापून ठेवा, बाकीची काढा. अर्धी वाळू, अर्धी माती भरलेल्या पिशव्यांत निम्मा फाटा आत जाईल असा टोचा आणि पडवीच्या कडेला ठेवा. थेट पागोळी पडू देऊ नका. साधारण दीड-दोन महिन्यांत मुळे धरतात. दहांतले पाच-सहा जगले तरी दोन घरांची बाग होते आणि पैसा एकही लागत नाही.

कीड आली तर

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो. त्याच्याबरोबर मुंग्याही असतात, कारण त्याच्या अंगातून निघणारा गोड चिकटा त्या खातात आणि बदल्यात त्याला राखतात. थोडा असेल तर लागलेला शेंडा खुडून जाळा. जास्त असेल तर एक लिटर पाण्यात चमचाभर द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारा. मोगऱ्याच्या कळीला भोक पडलेले दिसले तर आत अळी आहे. अशा कळ्या रोज वेचून नष्ट करा. प्रतिबंधासाठी पाच टक्के निंबोळी अर्क वापरा. ५० ग्रॅम निंबोळी गराची पूड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, पाणी घालून एक लिटर करा आणि थोडा साबण मिसळून फवारा. शेतातली जहाल औषधे परसात आणू नका. ही फुले देवाला आणि डोक्यात जातात, आणि पोरे तिथेच खेळतात.

थोडक्यात ध्यानात ठेवा

१. खड्डा वैशाखात, लावणी मृगात. पाण्याची सोय असेल तरच मे महिन्यात लावा.

२. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून निचरा बघा. कातळावर उंच ओटा करा.

३. पिशवी पूर्ण काढा, कळ्या खुडा, लावणी संध्याकाळी करा.

४. झाड सकाळी पाहा, मातीत बोट घाला, मगच पाणी द्या.

५. पाऊस लागला की आळे मोडा आणि बुंध्याभोवती उतार करा.

६. कण्हेर गुरांपासून आणि मुलांपासून लांब ठेवा.

तर बंधूंनो आणि भगिनींनो, ज्यांच्या घरी या उन्हाळ्यात लावलेली रोपे आहेत, त्यांनी उद्या सकाळी ऊन चढण्याआधी एक फेरी मारावी आणि प्रत्येक रोपाच्या मुळाशी बोट घालून बघावे. कुणाला पाणी हवे आणि कुणाला नको, ते तुमचे तुम्हालाच कळेल. घरात पाणी भरणाऱ्या माणसालाही ही परीक्षा दाखवा, म्हणजे हंडाभर पाणी वाचेल आणि झाडही वाचेल. काही अडले तर मलूल झाडाची फांदी आणि मूठभर माती घेऊन जवळच्या कृषी कार्यालयात जरूर या.

नमस्कार.